दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत

प्रिय पोरी,

ऐरोलीत नोकरी लागल्याचं तुझ्या आईकडून कळलं, फार बरं वाटलं. अमेरिकन बँकेचं काम म्हणजे त्यांचा दिवस ती तुझी रात्र. ते जमेल तुला. मला सांगायचंय ते वेगळंच.

१९९३ साली मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका परदेशी औषध कंपनीत पॅकिंगला लागले. बेल्टवर सगळ्या बायकाच. त्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण झालं, कळव्यात खोली घेतली. त्यामुळे परदेशी पैसा वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. पण पुढे मालक बदलले, पॅकिंग बाहेरून स्वस्तात करून घेऊ असं ठरलं, आणि व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, यादीत पहिली नावं आमची लागली. वर्षभराने मी त्याच गोळ्या ठेकेदाराकडून भरत होते. पगार निम्मा, पीएफ नाही. हात तेच होते गं.

म्हणून गेटवरच्या पाटीला भुलू नकोस. ऑफर लेटरवर नाव बँकेचं आहे की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचं? करार अकरा महिन्यांचा आहे का? पीएफ दर महिन्याला जमा होतो का, ते मोबाइलवर स्वतः बघत जा.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायला तुझी संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडणं मालकावर असतं. ड्रायव्हर नाक्यावर उतर म्हणाला तर उतरू नकोस.

आता लग्न-बाळंतपण. मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंगच्या मुलींना लग्न झालं की नोकरी सोडावी लागायची. युनियन लढली आणि १९६५ साली सुप्रीम कोर्टाने ती अट काढायला लावली. आज तसं कुणी लिहून देत नाही, गोड बोलतात: ‘आत्ता राजीनामा दे, नंतर परत घेऊ.’ देऊ नकोस. प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा हा तुझा हक्क आहे. कुणी उपकार करत नाही.

रविवारी कळव्याला ये, ऑफर लेटर घेऊन. सही अजून केली नसशील तर थांब.

तुझी,
मावशी