फिरत्या गाडीतली कवळी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची संस्था दुर्गम वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरं घेते. स्कॅनर आणि थ्रीडी प्रिंटर बसवलेली गाडी नेली तर बोळकं झालेल्या माणसाला एका दिवसात कवळी देता येते, असं आम्हाला सांगण्यात आलं. हे कितपत खरं?

उत्तर : एका दिवसात छापून होईल, पण ती घालून जेवता येईल याची खात्री नाही. गरज मोठी आहे यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार साठीपुढच्या सुमारे 23 टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. नेहमीच्या पद्धतीत पाच खेपा होतात : प्राथमिक माप, अंतिम माप, चाव्याची नोंद (तोंड मिटल्यावर दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात ती), मेणातली चाचणी आणि कवळी बसवणं. लांबून येणाऱ्याचा रोज पाचदा बुडतो. मग मापं दिलेला माणूस कवळी न्यायला येतच नाही.

डिजिटल पद्धतीत पहिल्या तीन खेपा एका बैठकीत उरकतात. चाचणी मात्र वगळू नका. पहिल्या दिवशी माप आणि चावा, रात्री संगणकावर आराखडा आणि चाचणीच्या कवळीची छपाई. दुसऱ्या दिवशी ती तोंडात घालून बघायची, रात्री पक्की कवळी छापायची. तिसऱ्या दिवशी बसवायची, चौथ्या दिवशी टोचतंय का ते तपासायचं. म्हणजे गाडीचा मुक्काम चार दिवस, आणि आठवड्याभरात पुन्हा एक फेरी. या दुसऱ्या फेरीची तरतूद नसेल तर प्रिंटर घेऊच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. नुकतेच दात काढलेल्यांना पहिल्या यादीत धरू नका. दात काढल्यावर पहिले काही महिने हाड झपाट्याने झिजतं आणि आज घट्ट बसलेली कवळी लवकरच खुळखुळायला लागते.

प्रश्न : मी दंतवैद्य आहे. दात नसलेला जबडा तोंडातल्या स्कॅनरने टिपताना, विशेषतः खालचा, चित्र मध्येच तुटतं किंवा वेडंवाकडं जुळतं. चुकतं कुठे?

उत्तर : हात चुकत नाही, हिरडीच तशी आहे. स्कॅनर छोटी छोटी चित्रं घेतो आणि त्यांतल्या खुणा जुळवून ती जोडत जातो. दातांवर खाचा-उंचवटे असतात. हिरडी गुळगुळीत, ओली, चकाकणारी, आणि खालच्या जबड्यात जीभ नि गाल तिला सतत हलवत असतात. खूण सापडली नाही की सॉफ्टवेअर भलत्याच जागी जोड देतं. वरचा जबडा त्या मानाने जमतो, कारण टाळूच्या पुढच्या भागात वळ्या असतात. तिथूनच सुरुवात करा.

त्याहून मोठी अडचण काठांची आहे. कवळी टिकते ती लाळेच्या पातळ थरावर आणि काठांच्या बंदिस्तीवर. बोलताना, गिळताना गालाचा आणि जिभेखालचा भाग कुठवर सरकतो हे स्कॅनरला दिसत नाही. त्याला विसावलेलं तोंड दिसतं. म्हणून गाडीतल्या कामासाठी आम्ही सांगतो, माप तोंडात घ्या आणि स्कॅन बाहेर करा. ट्रेचा, म्हणजे माप घेण्याच्या साच्याचा, काठ गाल आणि हिरडीमधल्या खोबणीपेक्षा 2 मिलिमीटर आखूड ठेवा. काठाला जाड सिलिकॉन लावून ओठ-गाल ओढा, जीभ बाहेर काढायला लावा, मग आतून पातळ सिलिकॉन घालून माप पूर्ण करा. वाहत्या पाण्याखाली धुवून हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात 10 मिनिटं ठेवा, पुन्हा धुवा आणि पूर्ण कोरडं करा. घाईत इथेच चूक होते. स्कॅनर राहिलेल्या थेंबालाच पृष्ठभाग समजतो, तो कवळीच्या आत फुगवटा होऊन उतरतो आणि नेमकी तिथे हिरडी सोलवटते. स्कॅन आतून, बाहेरून आणि काठावरून सलग घ्या.

जुनी कवळी असेल तर काम फार सोपं होतं. तीच ट्रे म्हणून वापरा : आत सिलिकॉन घालून माप घ्या, दोन्ही कवळ्या मिटलेल्या स्थितीत चावा नोंदवा आणि सगळ्या बाजूंनी स्कॅन करा. माप, उंची (दात मिटल्यावर दोन जबड्यांमध्ये राहणारं अंतर), ओठाचा आधार सगळं एकदम हाती येतं. फक्त जुने दात झिजले असतील तर उंचीही बसलेली असते. ती तशीच उचलू नका.

उंचीसाठी नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर एकेक ठिपका द्या. चेहरा सैल असताना दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. कवळी मिटल्यावर ते 2 ते 4 मिलिमीटर कमी भरायला हवं. चाचणीच्या वेळी ‘एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट’ असं मोजायला लावा. दातांवर दात आपटून टकटक आवाज आला तर उंची जास्त आहे. हे सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही.

प्रश्न : गाडीतला तंत्रज्ञ म्हणून मी काम बघणार आहे. विजेचं गणित कसं मांडायचं? आणि छपाई फसते ती कशामुळे?

उत्तर : आधी वेळेचं गणित. एलसीडी प्रिंटर रेझिनचा, म्हणजे प्रकाशात कडक होणाऱ्या द्रवाचा, अख्खा थर एकदम पक्का करतो, त्यामुळे वेळ कवळ्यांच्या संख्येवर नाही, उंचीवर ठरतो. उभी ठेवलेली कवळी 60 मिलिमीटर उंच धरली तर 50 मायक्रॉनच्या (0.05 मिलिमीटरच्या) थराने 1200 थर होतात. थराला 8 सेकंद म्हणजे 2 तास 40 मिनिटं, मग प्रिंटरच्या पाट्यावर एक कवळी असो की चार. म्हणून सकाळपासूनची मापं साठवून रात्री एकदमच छापा.

लहान प्रिंटर 100 वॅटचा धरून तीन तासांचे 300 वॅट-तास. आराखड्याचा लॅपटॉप 150 वॅटने सहा तास म्हणजे 900. धुण्याची आणि प्रकाशात पक्कं करण्याची यंत्रं मिळून 300 धरा. एकूण 1500 वॅट-तास, म्हणजे दीड युनिट. 24 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत 2.4 युनिट असतात, त्यात रात्र निघते. शिशाच्या बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची असते, तेव्हा ती दुप्पट घ्यावी लागेल. वातानुकूलन, कॉम्प्रेसर आणि पॉलिशची मोटर या हिशेबात धरलेली नाहीत. त्यांना जनरेटर किंवा बाहेरची जोडणी हवी. क्षणभर वीज गेली तरी छपाई अर्ध्यावर थांबते, म्हणून प्रिंटर बॅटरीवरच चालवा.

आता फसण्याची कारणं. थंड रेझिन घट्ट होतं आणि थर सुटतात. ते 25 ते 30 अंशांत ठेवा. रंग तळाशी बसतो, बाटली नीट हलवूनच ओता, नाहीतर एक कवळी फिकट आणि दुसरी गडद निघते. गाडी समतल उभी करा, इंजिन बंद ठेवा, छपाई चालू असताना आत वर्दळ नको. उघड्या दारातून ऊन आलं तर टाकीतलं रेझिन तिथेच गोठू लागतं. आधाराच्या काड्या हिरडीकडच्या बाजूला कधीही देऊ नका. त्या तोडल्यावर उरणारे टोक जखम करतात.

धुलाई 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या दोन भांड्यांत, रेझिनच्या पत्रकात दिलेल्या वेळेइतकीच. जास्त भिजली तर पांढुरकी पडते, तडे जातात; कमी धुतली तर चिकट राहते. पूर्ण वाळल्यावर ग्लिसरीनमध्ये बुडवून प्रकाशात पक्की करा, कारण हवेतला ऑक्सिजन वरचा थर पक्का होऊ देत नाही. कच्चं राहिलेलं रेझिन तोंडात आग करतं, काहींना ॲलर्जी होते. ते हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून गाडीत खेळती हवा ठेवा आणि वापरलेलं मोरीत ओतू नका.

प्रश्न : अशाच गाडीतून सासूबाईंना कवळी मिळाली. वरची छान बसली, पण खालचीने जखम झाली म्हणून त्या काढूनच ठेवतात. काठ घरी थोडा घासून घेऊ का?

उत्तर : नको. चुकीच्या जागी घासलं की बंदिस्ती जाते आणि ती घरी भरून आणता येत नाही. खालच्या कवळीचा त्रास जास्त असतोच : वरच्या कवळीला साधारण 24 चौरस सेंटिमीटर टेका मिळतो, खालचीला 14, शिवाय जीभ तिला ढकलत असते. जखम फार दुखत असेल तर कवळी काढून ठेवा, पण तपासणीच्या आदल्या दिवशी थोडा वेळ घालायला सांगा, म्हणजे नेमका कुठला काठ लागतो ते डॉक्टरांना दिसेल. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात नाही. टूथपेस्टने ओरखडे पडतात, साबण आणि मऊ ब्रश पुरे. काठ दुरुस्त केल्यावर दोन आठवड्यांतही जखम भरली नाही तर दोष कवळीचा आहे असं धरून चालू नका, तोंडाची तपासणी करून घ्या. तंबाखूची सवय असेल तर अजिबात थांबू नका.

प्रश्न : छापलेली कवळी तुटली किंवा हरवली तर फाइलवरून लगेच दुसरी मिळते ना?

उत्तर : मिळते, फाइल जपली असेल तर. फाइलला नावाऐवजी क्रमांक द्या, वरच्या-खालच्या जबड्याचा उल्लेख ठेवा आणि तोच क्रमांक कवळीच्या आतल्या बाजूला कोरून छापा. नाहीतर 27 क्रमांकाची वरची आणि 72 ची खालची अशी चुकीची जोडी सहज लागते. पाया 2 मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवू नका. तडा बहुधा वरच्या ओठाला हिरडीशी जोडणाऱ्या मधल्या पडद्यासाठी ठेवलेल्या खाचेपासून सुरू होतो, तिथे कोन तीक्ष्ण न ठेवता गोलसर करा. दोन-तीन वर्षांपूर्वीची फाइल असेल तर तोवर हाड झिजलेलं असतं. जुन्या फाइलवरून छापलेली कवळी ट्रे म्हणून वापरून आत नवं माप घ्या आणि मगच पक्की छापा.