क्लीनरच्या जागेचा प्रश्न

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. यजमानांच्या उजव्या पायाला दुखापत झाल्यापासून गाडी दारात उभी आहे, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही, आणि अवजड वाहनाचा परवाना हाती असल्याने रावेरहून दिल्लीपर्यंत केळीच्या फेऱ्या आपणच माराव्यात असे तुम्हाला वाटते. पण "रात्रीचा रस्ता बाईमाणसाचा नाही" असे म्हणून यजमान अडून बसले आहेत.

बाईला ट्रक झेपतो का, यावर मी शब्द खर्च करणार नाही. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी यांनी वकिलीची पदवी असूनही पतीच्या निधनानंतर ट्रक हाती घेतला आणि देशभर चालवला.

यजमानांना वाटणारी माणसांची भीती खोटी नाही, पण मला अधिक काळजी वाटते ती घाईची. केळी हिरवी काढली तरी वाटेत पिकू लागते, म्हणून व्यापारी पोहोचण्याची वेळ बांधून देतो, ती गाठण्यासाठी चालक रात्र जागून काढतो आणि पहाटे डुलकी लागते. शिवाय घाईत असलेल्या माणसाला थांबण्याची जागा निवडता येत नाही, मिळेल तिथे गाडी लावावी लागते. म्हणून पहिले सहा महिने केळी नको. जळगावची डाळ किंवा पाइप भरा, सुरत किंवा इंदूर एवढाच पल्ला ठेवा, आणि मुक्कामाचा पंप अथवा ढाबा यजमानांच्या ओळखीतून आधीच ठरवून दिवस मावळण्यापूर्वी तिथे पोहोचा. भाडे कमी मिळेल, हे मला ठाऊक आहे.

स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी कमी पिणार असल्याचे तुम्ही ओझरते लिहिले आहे. हे मुळीच करू नका. वैशाखातल्या आपल्या उन्हात केबिनची भट्टी होते, आणि लघवी रोखून धरल्याने जडणारा संसर्ग पुढच्या फेऱ्याही बुडवतो. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह मागण्यात संकोच कसला? कुलूप घातलेले असेल तर किल्ली मागा. पोलिसांसाठी 112 आणि महामार्गावरील मदतीसाठी 1033 हे क्रमांक पाठ असू द्या, आणि "एकट्याच का?" असे कोणी विचारल्यास खरे उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

आता पत्राच्या शेवटच्या ओळीविषयी. "ते सोबत यायलाही तयार नाहीत, क्लीनरच्या जागेवर बसणार नाही म्हणतात," असे तुम्ही लिहिले आहे, आणि मला वाटते, खरी अडचण रात्रीपेक्षा त्या जागेचीच आहे. वीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्या माणसाला बायकोच्या डावीकडे बसणे जड जाणारच. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम सांगा. इंदूरहून शिरपूरकडे परतताना बिजासन घाटात भरलेली गाडी कोणत्या गियरमध्ये उतरवायची, कुठे ब्रेक तापतात, हे त्यांनी शेजारी बसून दाखवल्याशिवाय तुम्ही तो घाट उतरणार नाही, असे त्यांना आज जेवताना सांगून पाहा.