बास्केटबॉलमध्ये शेवटी मुद्दाम केले जाणारे फाउल नियमांनी थांबवता येतात का?

थोडेफारच थांबलेत. पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवून चेंडू लवकर परत मिळवायला हे फाउल करतो. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून लांब असलेल्या खेळाडूला धरलं, तर एक फ्री थ्रो (कुणी अडवत नसताना बास्केटमध्ये फेक) मिळतो, तो मैदानावरचा कुणीही घेऊ शकतो, आणि चेंडूही त्याच संघाकडे राहतो. २०१६-१७ पासून हे चारही क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लागू आहे. म्हणून त्या वेळेत फ्री थ्रोत कच्च्या खेळाडूला गाठून फाउल करण्यात फायदा उरला नाही. पण ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्यावर फाउल करून घड्याळ थांबवायची वाट मोकळीच राहिली.

खरा उपाय एलम एंडिंग, म्हणजे सामना वेळेवर नाही तर ठरलेल्या गुणांवर संपवणं. अमेरिकेतल्या टीबीटी (द बास्केटबॉल टूर्नामेंट) स्पर्धेत चार मिनिटांहून कमी वेळ उरल्यावर खेळ पहिल्यांदा थांबला की सामन्याचं घड्याळ बंद; आघाडीच्या गुणांत ८ मिळवून लक्ष्य ठरतं. ७२-६५ असेल, तर आधी ८० गाठेल तो जिंकला. वेळ वाचवायचा प्रश्नच नाही, उलट पिछाडीवरच्या संघाने फाउल केला तर समोरचा लक्ष्याजवळ सरकतो.