वाचक विचारतात : ‘पॅरानॉइया एजंट’ मध्येच भरकटली का?

प्रश्न : ताई, मी विश्रामबागेत रूमवर राहते, आम्ही दोघी रोज रात्री मेसचं जेवण झालं की ‘पॅरानॉइया एजंट’ ही जपानी अॅनिमे (कार्टून) सिरीज लावतो. पहिले सात एपिसोड लै भारी, सोनेरी स्केट्स घालून, वाकडी सोनेरी बॅट घेऊन लोकांना मारणारा पोरगा आणि मागावर दोन पोलीस. मग आठवा, नववा, दहावा, तिन्हींत भलतीच माणसं, केसचा पत्ताच नाही. रूममेट म्हणते दिग्दर्शकाकडचं सांगायचं संपलं, सोडून देऊ. तीनच राहिलेत, बघू का नको?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सोडू नकोस गं, हात जोडून सांगते. त्या आठव्या ते दहाव्या एपिसोडांतच या सिरीजचा जीव आहे, आणि मला विचारशील तर सगळ्यात जास्त भीतीपण तिथंच आहे.

आधी मार कुणाकुणाला बसला ते आठव. पहिली त्सुकिको, तिनं काढलेला मारोमी नावाचा गुलाबी कुत्रा सगळीकडं हिट झालाय आणि ऑफिस मागं लागलंय की आता तसलंच दुसरं काहीतरी काढ, तिला काही म्हणता काही सुचत नाही. मग शाळेतला तो हुशार पोरगा, त्याच्याकडंपण सोनेरी स्केट्स आहेत म्हणून सगळी शाळा त्याच्याकडं संशयानं बघते. प्रत्येकजण पार कोंडीत सापडलेला, कुठं तोंड लपवू असं झालेलं, आणि नेमकी तेव्हाच बॅट येते आणि मार खाल्ल्यावर माणूस सुटल्यासारखा दिसतो, कारण आता त्याला कुणी जाब विचारणार नाही. सातव्यात, आधीच पकडलेला पोरगा कोठडीतच मरतो, तो नुसती नक्कल करत होता हे कळतं, तिथं पोलिसांची केस संपली. पण शोनेन बॅट, म्हणजे तो बॅटवाला पोरगा, संपत नाही, कारण आता तो लोकांच्या तोंडात राहायला गेलाय.

नववा एपिसोड हे डोक्यात ठेवून परत बघ. सोसायटीतल्या बायका जमून एकापेक्षा एक कंड्या पिकवतायत, माझ्या ओळखीतल्या अमक्याला असं मारलं, तमक्याला तसं, आणि नवीन आलेली बाई त्यांच्यात शिरायला आपलीपण एक गोष्ट सांगू बघते तर तिलाच हसतात. शेवटी ती घरी येते तर नवरा रक्तबंबाळ पडलेला, आणि ती अॅम्ब्युलन्स बोलवायचं सोडून त्याला विचारत बसते, कसं झालं, सांग ना, सगळं सांग. मी तिथं पॉज करून उठले होते, पुढं बघवेना.

आणि हे जपानातलं म्हणून लांबचं समजू नकोस. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना लोकांनी बेदम मारलं, कारण काय तर पोरं पळवणारी टोळी आलीय अशी हूल उठली होती आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. टोळी कुणी बघितली नव्हती, पण मार बसला तो खराच होता ना. दिग्दर्शक सतोशी कोननं ही सिरीज २००४ मध्ये केली, तेव्हा आपल्याकडं व्हॉट्सअॅप नव्हतंच, आणि तरी अफवेला अंग कसं फुटतं हे त्यानं इतकं नेमकं दाखवलंय की मला अजून त्याचा आदर वाटतो. टीव्हीसाठी त्यानं ही एकच सिरीज केली, बाकी सिनेमे, आणि २०१० मध्ये ४६ व्या वर्षी गेला. सिनेमांत न वापरलेल्या कितीतरी कल्पना त्यानं इथं घातल्यात, म्हणून एपिसोडागणिक पोत बदलतो, आणि मला ते आवडतं.

आठव्यात, इंटरनेटवर ओळख झालेले ते तिघं एकत्र मरायला निघतात, म्हातारा, तरुण आणि चिमुरडी. गोष्ट हसतखेळत चाललेली असते म्हणून आपण गाफील राहतो. परत बघताना त्यांच्या पायाशी लक्ष ठेव, एका ठिकाणापासून पुढं त्यांच्या सावल्याच पडत नाहीत. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, ज्यानं बघितलं त्यालाच कळतं. (मन आधीच जड असेल त्या दिवशी मात्र हा एपिसोड लावू नका, खरंच.) दहावा अॅनिमे स्टुडिओतला, कोण काय काम करतं तेपण कळतं, तो एकदा बघितला तरी चालेल.

राहिलेल्या तीनपैकी अकरावा जवळजवळ सगळा एका आजारी बाईच्या बोलण्यावर उभा आहे, त्या रात्री दुसरं काही लावू नका. जपानी आवाज ठेवा, खाली सबटायटल, आणि सुरुवातीचं गाणं स्किप करू नका, सुसुमु हिरासावाचं संगीत आहे आणि संकटाच्या मधोमध उभी राहून खदाखदा हसणारी ती सगळी माणसं कोण आहेत ते आता तुम्हाला ओळखू येईल.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, रात्री लाइट बंद करून हेच बघतो. मोबाईल काढून घेऊ का?
– एक आई, सातारा

उत्तर : वहिनी, ही सिरीज मोठ्यांसाठीच आहे. सहाव्या एपिसोडात बाप स्वतःच्या मुलीच्या खोलीत चोरून कॅमेरा लावतो, नववीतल्या पोरानं हे एकट्यानं अंधारात बघावं असं मला बिलकुल वाटत नाही. पण मोबाईल हिसकावलात तर तो मित्राच्या घरी बघेल आणि तुम्हाला सांगायचं बंद करेल. त्याच्या शेजारी बसा, आत्तापर्यंत काय काय झालं ते त्याच्याकडूनच ऐका, मग सांगा की बाकीची दोन-तीन वर्षांनी. झोप उडालीय, जेवत नाही, गप्प गप्प राहतो किंवा मरणाचं बोलतो असं काही दिसलं तर मात्र थांबू नका, १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो.