इंजिनांचं वेड असणाऱ्या माणसांना त्यात नेमकं काय दिसतं?

तुमचा धाकटा भाऊ सुट्टीच्या दिवशी तासन् तास जुनी इंजिनं चालू करतानाचे व्हिडिओ बघत बसतो, म्हणून तुम्ही विचारलंय की त्यात बघण्यासारखं काय असतं, आणि इंजिन शोधणारी माणसं खरंच एवढी मोठी होती का. मीही त्याच पंथातला, तेव्हा त्याच्या बाजूने उत्तर देतो.

कोणीतरी एका अडचणीपाशी वर्षानुवर्षं अडून बसला होता, आणि त्याने शेवटी काढलेली वाट आज लोखंडाच्या रूपात आपल्या हाताला लागते. मला इंजिनात दिसतं ते हे. कल्पना कितीही मोठी असो, घोडं अडतं ते एखाद्या बारक्या भागापाशी. डिझेल इंजिनाचंच बघा, कारण ते आपल्याकडे विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे पोचलं.

रुडॉल्फ डिझेल हा मुळात बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांचा इंजिनिअर. जर्मनीत म्युनिकमध्ये प्राध्यापक कार्ल लिंडे यांच्या हाताखाली शिकताना त्याला समजलं, की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा फार तर दहावा हिस्सा कामाला लावतं. बाकीची वाया. हे त्याच्या मनातून कधी गेलंच नाही. त्याचा विचार असा होता: सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती दाबूनच इतकी तापवायची की आत सोडलेलं इंधन आपोआप पेटेल. ठिणगी नको, बत्ती नको. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून भराभर दट्टे मारले की पंप गरम लागतो ना, तेच हे. सोळाव्या हिश्शात दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर जाते.

१८९२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ साली या इंजिनावर पुस्तक काढलं. त्यात २५० ॲटमॉस्फिअर, म्हणजे बाहेरच्या हवेच्या २५० पट, दाबाचा हिशोब होता, आणि इंजिन थंड ठेवायला पाणीसुद्धा लागणार नाही असं गृहीत होतं. प्रत्यक्षात असं इंजिन केलं असतं तर जवळजवळ सगळी ताकद हवा दाबण्यात आणि घर्षणातच गेली असती. डिझेलच्या हे त्याच वर्षी लक्षात आलं. त्याने आकडेमोड पुन्हा केली, दाब पुष्कळ खाली आणला आणि नव्या पद्धतीसाठी दुसरा अर्ज केला. नाव पणाला लावून छापलेली गोष्ट इतक्या लवकर बाजूला ठेवायला धाडस लागतं. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने त्याला जागा आणि माणसं दिली. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंजिन स्वतः चालत नव्हतं, कारखान्याच्या शाफ्टवरून पट्ट्याने फिरवत होते. इंधन आत जाताच असा भडका झाला की दाब मोजायचं उपकरण फुटून तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात बचावला, आणि त्याला आनंद झाला, कारण इंधन नुसत्या दाबलेल्या हवेने पेटतं हे सिद्ध झालं होतं.

पुढचा प्रसंग माझा फार आवडता आहे. १७ फेब्रुवारी १८९४. पुन्हा पट्ट्यावरच इंजिन फिरतंय. लिंडर नावाचा फिटर जवळ उभा होता. त्याला दिसलं, की जो पट्टा इंजिनाला ओढत होता त्यालाच आता इंजिन ओढायला लागलंय. पट्ट्याची ताणलेली बाजू बदलली होती. सांगतात, की तो काही बोलला नाही, त्याने डोक्यावरची टोपी तेवढी काढली. इंजिन मिनिटभर, मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या वेगाने, स्वतःच्या बळावर चाललं. शोध लागल्याचं पहिल्यांदा कळलं ते एका फिटरला, पट्ट्याकडे बघून!

चालवून दाखवण्याजोगं इंजिन व्हायला त्यानंतर आणखी तीन वर्षं गेली. १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी ते तपासलं, तेव्हा इंधनातली २६ टक्के उष्णता कामाला लागत होती. मधली वर्षं बरीचशी एकाच प्रश्नात गेली: दाबलेल्या तापल्या हवेत इंधन घालायचं कसं? आत एवढा दाब, त्याच्या विरुद्ध थोडंसंच तेल, धुक्यासारखं बारीक करून, नेमक्या क्षणी. डिझेलने ते आणखी जास्त दाबाच्या हवेने फुंकायची युक्ती काढली. युक्ती चालली, पण त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. त्यामुळे ते धूड कारखान्यात आणि जहाजात शोभलं, गाडीत बसेना. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ मध्ये हवेच्या मदतीशिवाय थेट तेलच आत दाबणारा इंधनपंप कारखान्यात तयार करायला घेतला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

इंग्लंडमधले लोक म्हणतील, हर्बर्ट अक्रॉयड स्टुअर्टने १८९० मध्येच नुसत्या हवेत तेल सोडणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं होतं. खरं आहे, आणि त्याचं श्रेय त्याला मिळायलाच हवं. पण ते इंजिन चालू करायला सिलिंडरच्या डोक्यावरचा गोळा आधी बत्तीने तापवावा लागे. दाबाच्या उष्णतेवर सगळा भरवसा टाकायची हिंमत डिझेलची.

आता आपल्या विहिरीवरचं जुनं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आठवा. हँडल मारायचं, फ्लायव्हीलने, म्हणजे बाजूच्या जड चाकाने, वेग घेतला की डिकॉम्प्रेशनचा (तोवर आतली हवा दाबू न देणारा) खटका सोडायचा. (पुण्यात किर्लोस्करांनी १९४६ मध्ये ऑइल इंजिनांची वेगळी कंपनी काढली आणि अशी इंजिनं गावोगाव गेली.) मिनिटाला ६०० फेरे धरले, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात, दर दोन फेऱ्यांना एकदा, ३०० वेळा डिझेल आत जातं, म्हणजे सेकंदाला पाच वेळा. तासाला लिटरभर डिझेल धरलं तर दर वेळी जेमतेम एक थेंब! तो मोजतो इंधनपंपातला प्लंजर, म्हणजे छोटा दट्ट्या. त्याच्या अंगावर एक तिरकी खाच असते. प्लंजर किंचित फिरला की ती खाच छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि थेंब लहानमोठा होतो. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो तो बॅरल एकमेकांना इतके नेमके घासून बसवलेले असतात की एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलला लावत नाहीत. मी पहिल्यांदा तो प्लंजर हातात घेऊन उजेडात फिरवला, तेव्हा ती खाच काढणाऱ्याच्या डोक्याला मनापासून नमस्कार केला.

डिझेल १९१३ मध्ये बोटीवरून नाहीसा झाला, आणि त्याच्यावरचे बहुतेक व्हिडिओ तेवढंच चघळतात. भावाला सांगा, ऑग्सबर्गची ती चार वर्षं वाच, खरी गंमत तिथे आहे. आणि त्याला घेऊन एखाद्या नोझल-पंप दुरुस्तीच्या दुकानात जा. मिस्त्री नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) टेस्टरवर लावून लिव्हर दाबतो, दाबाचा काटा दोनशेच्या आसपास गेला की चर्र आवाज येतो आणि डिझेलचं धुकं सुटतं. थेंब गळला तर नोझल खराब. धुक्यासमोर हात मात्र धरू देऊ नका, ते कातडीतून आत शिरतं. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा विचारलंत तर बहुतेक मिस्त्री आवडीने उघडून दाखवतात.