गावाच्या दुकानाचे भाग घ्यावेत का?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडमध्ये डेव्हनमधील एका लहान खेड्यात राहतो. येथील एकमेव दुकान मालक निवृत्त होत असल्याने बंद पडण्याच्या बेतात आहे. गावकरी संस्था स्थापून ते विकत घेणार असून आम्हालाही तिचे भाग (शेअर) घेण्याचा आग्रह होत आहे. त्यांवर लाभांश मिळेल का? गाव सोडल्यास पैसे परत मिळतील का? – एक वाचक

उत्तर : लाभांशाच्या आशेने हे भाग घेऊ नयेत. ब्रिटनमध्ये अशी दुकाने बहुधा २०१४ च्या सहकारी कायद्याखाली ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’ (समाजहितासाठी चालणारी संस्था) म्हणून नोंदवली जातात. आपल्याकडील ग्राहक भांडाराला १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार १५ टक्क्यांपर्यंत लाभांश देता येतो, आणि १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे सुरू झालेल्या प्रसिद्ध सहकारी दुकानात तर खरेदीच्या प्रमाणात नफा वाटला जाई. कम्युनिटी बेनिफिट सोसायटीला मात्र नफा सभासदांत वाटताच येत नाही. मर्यादित दराने व्याज देता येते, पण तेही दुकानाला परवडले तरच.

हे भाग दुसऱ्याला विकून मोकळे होता येत नाही. ते संस्थेकडेच परत करावे लागतात, आणि संस्थेच्या हाती तेवढी रक्कम आहे असे व्यवस्थापक समितीला वाटले तरच मूळ किमतीएवढे पैसे मिळतात. भागाची किंमत वाढत नाही. दुकान तोट्यात गेल्यास घटू मात्र शकते, आणि बँकेतील ठेवीला असते तसे संरक्षण या पैशांना नसते. बदलीची शक्यता असलेल्या कुटुंबाने म्हणून नियमावलीतील परतीचे कलम, विशेषतः सुरुवातीची किती वर्षे पैसे काढता येणार नाहीत, हे सही करण्यापूर्वी वाचावे. मत मात्र प्रत्येक सभासदाला एकच, मग भाग पन्नास पौंडांचे असोत वा पाच हजारांचे. नव्याने आलेल्या कुटुंबासाठी ही गोष्ट लहान नाही.

आमच्या मते भागभांडवल जमवणे हा यातील सोपा भाग आहे. आठवड्याचा बाजार शहरातील सुपरमार्केटातून आणि संपलेले दूध तेवढे गावातून, अशी सवय राहिली तर पगारी व्यवस्थापक आणि मदतीला येणारे स्वयंसेवक मिळूनही दुकान तगणार नाही. दुकानात टपाल कचेरी चालत असेल, तर तिचा करार नव्या संस्थेकडे येणार आहे का, हे सभेत अवश्य विचारा, कारण टपालाच्या निमित्ताने येणारे गिऱ्हाईकच पुष्कळदा किराणाही घेऊन जाते. प्लंकेट यूके ही संस्था अशा दुकानांना नमुना नियमावली आणि सल्ला पुरवते. तिच्याशी संपर्क झाला आहे का, हेही आयोजकांना विचारावे.