विदर्भात कोरडवाहू कपाशी रसायनांशिवाय येते का?

तुमची पाच एकर कोरडवाहू आहे, घरी एक गावरान गाय आहे, आणि यंदाच्या खरिपापासून खत-फवारणी बंद करून नुसत्या जीवामृतावर कपाशी येईल का, असं विचारलंत. येईल. पण पाचही एकरांत एकदम उडी घेऊ नका. रोज चक्कर होते असा घराजवळचा एक एकर घ्या.

जीवामृताची कृती तुम्हाला शंभर जण सांगतील. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, किलो-किलो गूळ नि बेसन, धुऱ्यावरची (बांधावरची) मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवून ढवळत राहायचं, झालं एका एकराचं. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी ही पद्धत देशभर नेली. पण ते खत नव्हे, विरजण आहे. भांड्यात दूधच नसेल तर विरजण लावून काय होणार?

म्हणून आधी काडीकचरा बघा. सोयाबीन काढलं की कुटार (उरलेला भुसा) लोक विकतात, नाहीतर सरळ पेटवून देतात. जनावरांपुरतं ठेवून उरलेलं ढीग मारून राखा आणि पुढच्या हंगामात डवरणी (ओळींमधली कोळपणी) झाली की कपाशीच्या दोन ओळींत अंथरा. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचं, मात्र उलटं. ती धुऱ्यावर रचून ठेवली की न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत आरामात झोपून राहते. डिसेंबरअखेर वेचा आटोपा, फरदडीचा (हंगाम संपल्यावरही पीक राखून आणखी बोंडं घेण्याचा) मोह नको, पऱ्हाटी यंत्रानं बारीक करून शेणात कुजवा.

निंबोळी अर्क (5 किलो निंबोळ्या, 100 लिटर पाणी) मावा-तुडतुड्यांवर चालतो. बोंडअळी एकदा बोंडात शिरली की ना अर्क पोचत, ना दुकानातलं विष. त्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे) लावा; सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर हालचाल करायलाच हवी.

आता जे शिबिरात कोणी धड सांगत नाही ते. खरा घोर किडीचा नाही, तणाचा आहे. श्रावणात आठवडाभर झड लागली की डवरा चालत नाही, निंदायला बाया मिळत नाहीत, आणि गवत कपाशीच्या डोक्यावर जातं. परवानगी नसलेलं चोर बीटी बियाणं गावोगाव खपतं ते याच पायी, त्यावर तणनाशक मारलं तरी कपाशी मरत नाही म्हणून. तुम्हाला ती वाट बंद. तेव्हा जीवामृताच्या ड्रमाआधी निंदणाच्या मजुरीचा हिशोब मांडा. घरची माणसं किती उतरतील, त्यावरच एकर ठरवा.

बियाणं देशी सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बघा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे आहेत. रसशोषक किडींना ते बरंच दाद देत नाही आणि सरकी पुढच्या वर्षी पेरता येते. बोंड बारीक असतं, वेचणाऱ्या बाया कुरकुर करतील, ते ऐकून घ्यायचं.

पहिली दोन-तीन वर्षं उतारा घटतो. जिनिंगवर तुमचा बिनफवारणीचा कापूस इतरांच्याच ढिगात पडतो, भाव तोच. त्यामुळे मधे तुरीचे तास, कडेला ज्वारी ठेवाच. बिनविषारी म्हणून चार पैसे जास्त मोजणारं गिऱ्हाईक मिळालंच तर डाळीला मिळतं, कापसाला नाही.